कानावरची खूण

जुलैत सूर्य मावळायचं विसरतो
तेव्हा आम्ही रेनडिअरच्या पाडसांचे कान कोरतो.
डाव्या कानाचं टोक तिरकं, उजव्याला खालून दोन खाचा:
ही इस्सातची, माझ्या बापाची.
आज्याला एकच खाच होती.
माझी ह्याहून एका चिरेने वेगळी.
खुणांची एक वही आहे कचेरीत,
तीत आमचं अख्खं घराणं
कानांच्या चित्रांनी मांडलेलं.

बाबा आता आभाळ बघत नाही.
मानच वर होत नाही त्याची.
माणसं तो बुटांवरून ओळखतो,
बूट नवे असले तर खोकल्यावरून.
फास टाकणं सुटलं. सुरी मात्र अजून त्याच्याच हातात,
कारण वाकलेला माणूस
पाडसाच्या कानाशी आपसूक पोचतो.

तिशी गाठायच्या आधीच पहाटे कंबर धरायची,
कळपामागे चालला की सुटायची.
स्कूटरवरून पडलो होतो ना, त्याचं आहे, म्हणायचा.
मधूनच एखादा डोळा लालभडक.
बर्फाची तिरीप, आम्ही म्हणायचो,
आणि तो भर डिसेंबरात, दिवस नसताना,
काळा चष्मा लावून बसायचा.

ट्रोम्सोच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी
एक्स-रे उजेडावर लावला.
मणके एकमेकांत मुरलेले, पेरं पेरं.
ह्याला बांबूचा कणा म्हणतात, त्या म्हणाल्या.
बाबा हसला. बांबू?
म्हणजे आज्याच्या स्कीच्या काठ्या?
आमच्याकडे बर्च उगवतो, तोही कसाबसा कमरेइतका.
बांबू आम्ही तेवढाच पाहिलेला,
टोकाला लोखंड ठोकलेला.

मग त्यांनी खुणेचं सांगितलं.
सहाव्या गुणसूत्रावरची,
अर्धी आईकडची, अर्धी बापाकडची.
प्रत्येक पेशी ती अंगावर धरून उभी असते,
राखणदार येतात, वाचतात, पुढे जातात.
तुमच्या खुणेचं नाव बी-सत्तावीस.
तुमच्या लोकांत साधारण चौघांत एकाला असते,
बहुतेकांना जन्मभर काही होत नाही.
मग मलाच का?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
नक्की माहीत नाही, म्हणाल्या.
तेवढ्यासाठी मला त्या आवडल्या.

घरचा रस्ता सात तासांचा.
पाचव्या तासाला बाबा बोलला,
समोरच्या पायपुसण्याकडे बघत:
एकदा धुक्यात, तू जन्मली नव्हतीस,
एक मादी परकी समजून मी कळपातून हाकलली.
तीनदा परत आली. तीनदा हाकलली.
कुत्रासुद्धा घातला अंगावर.
धुकं विरल्यावर दिसलं, कान आपलाच होता.
मग काय केलंस?
तो काही बोलला नाही. हीटरचा आवाज येत राहिला.

माझं रक्त तपासलं: आहे.
भाऊ आस्लात: नाही.
त्याने फोनवर माफी मागितली, जणू
शेवटचा मांसाचा तुकडा त्यानेच उचलला होता.
कुठेतरी वाचलं, एखाद्या विषाणूला
हीच खूण इतरांआधी हेरते.
बाबाला सांगितलं.
म्हणजे कुत्रा चावरा आहे, पण कामाचा, तो म्हणाला.
आणि पाठीला गरम पाण्याची पिशवी मागितली.

पहाटे उठताना मी आता कंबरेकडे कान देते.
सहसा ती गप्प असते.

लाव्रा ह्या वर्षी सात पूर्ण.
तिच्या नावाची खूण वहीत चढवायची होती.
बाबाची तिरकी चीर घेतली, माझी खाच घेतली,
आणि एक छोटी कोच तिची तिने काढली, खडूने, जिभेचं टोक बाहेर काढून.
तिचंही तपासायचं का, नवऱ्याने रात्री विचारलं.
दुखल्याशिवाय नको, मी म्हणाले.
मग दोघेही जागे राहिलो,
खिडकीत लख्ख ऊन, रात्रीचे दोन.

आज तिने पहिलं पाडूस धरलं.
बाबाने तिच्या मुठीवर मूठ ठेवली, सुरी फिरवली,
कानाचे कापलेले तुकडे खिशात टाकले,
मोजदाद त्यांवरूनच होते.
संध्याकाळी तळहातावर पसरून मोजले:
एकतीस.
लाव्रा म्हणाली, बत्तीस.
त्याने पुन्हा मोजायला घेतले,
डोकं खाली, अगदी जवळून,
एकेक तुकडा उलटापालटा करत.